भांग : विष, औषध आणि वाणिज्य

केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचे मुख्य कार्यालय आपल्याच ग्वाल्हेर शहरात, मुरार भागात आहे, ही गोष्ट येथील पुष्कळ रहिवाशांच्या ध्यानी नसते. १९६० साली हे कार्यालय शिमल्याहून येथे आणण्यात आले. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश या राज्यांतील शेतकऱ्यांना अफूच्या लागवडीचे परवाने देणे, मादक औषधांच्या आयात-निर्यातीस अनुमती देणे इत्यादी कामे या कार्यालयाकडे आहेत. पूर्वीच्या ग्वाल्हेर संस्थानातील मंदसौर-नीमच भागात अफूचे पीक फार जुने असून, एकोणिसाव्या शतकात माळव्याच्या अफूने अनेक पेढ्या उभ्या केल्या व परदेशांतील असंख्य घरे उद्ध्वस्त केली. आज त्याच अफूपासून काढलेले मॉर्फिन कर्करोगाने तळमळणाऱ्या रुग्णास चार तास शांत झोप देते. द्रव्य एकच, परंतु मात्रा, हेतू आणि देणारा हात बदलला की विषाचे औषध होते, आणि औषधाचे विषही होते.

अफूविषयी हा निवाडा समाजाने पुष्कळ अनुभवांती केला. भांगेविषयी तो अद्याप चालू आहे. गेल्या काही वर्षांत भांगेपासून बनविलेली तेले, वड्या व अर्क यांच्या जाहिराती घरोघरी पोहोचल्या आहेत. कोणाच्या मुलास अपस्माराचे झटके येतात, कोणाच्या मातोश्रींचे गुडघे दुखतात, कोणास झोप येत नाही. आणि प्रत्येकास कोणी ना कोणी सांगतो की, हे तेल घेऊन पाहा. दुसरीकडे, या मालाची एजन्सी घ्यावी काय, अशी विचारणा आपल्या व्यापारी बंधूंकडेही होऊ लागली आहे. तेव्हा आपल्यापुढे दोन प्रश्न आहेत. पहिला घरचा : हे घ्यावे काय? दुसरा दुकानाचा : हे विकावे काय? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधण्यास उपयोगी पडेल एवढी माहिती एकत्र मांडावी, हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वनस्पती एक, पदार्थ अनेक

ज्या मालाची पारख करावयाची, त्याची जात प्रथम ओळखली पाहिजे. भांग, गांजा आणि चरस हे तिन्ही पदार्थ एकाच वनस्पतीपासून मिळतात. तिची पाने म्हणजे भांग. मादी झाडाच्या फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा. आणि त्या फुलोऱ्यावरील सूक्ष्म ग्रंथींतून स्रवणारी राळ म्हणजे चरस. मादक अंश मुख्यतः या राळेत असतो. म्हणून चरस सर्वांत तीव्र, गांजा त्याहून सौम्य, आणि भांग सर्वांत सौम्य असे सामान्यतः मानतात. बियांमध्ये मादक अंश जवळजवळ नसतोच. त्यांत तेल व प्रथिने असतात. देठाच्या सालीपासून दोर व कापड होण्याजोगा मजबूत धागा निघतो.

या वनस्पतीत शंभरांहून अधिक विशिष्ट रासायनिक द्रव्ये आढळली आहेत. त्यांपैकी दोन आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पहिले टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, संक्षेपाने टीएचसी. नशा येते ती याच्यामुळे. दुसरे कॅनाबिडिऑल, संक्षेपाने सीबीडी. याने नशा येत नाही. जाहिरातीत ‘भांगेचे औषध’ एवढेच लिहिलेले असते तेव्हा या दोहोंपैकी कोणते व किती, हा पहिला प्रश्न विचारला पाहिजे. त्याचे उत्तर न मिळाल्यास पुढचा व्यवहार करू नये.

आयुर्वेदातील विजया

आयुर्वेदात भांगेला ‘विजया’ हे सुंदर नाव आहे. शार्ङ्गधराने शरीरात आधी झपाट्याने पसरणाऱ्या व मागाहून पचणाऱ्या द्रव्यांचे उदाहरण म्हणून भांग व अफू यांचा उल्लेख केला आहे. सोळाव्या शतकातील भावमिश्राने ती उष्ण, तीक्ष्ण, कफनाशक, पाचक व ग्राही म्हणून वर्णिली. परंतु त्याच यादीत मोह व मद वाढविणारी असेही स्पष्ट नमूद केले. जुन्या वैद्यांनी गुण सांगताना दोष झाकला नाही, हे आजच्या जाहिरातदारांनी ध्यानात घेण्यासारखे आहे.

जातीफलादि चूर्णासारख्या, अतिसार व ग्रहणी यांवरील प्रसिद्ध योगांत भांग असते. परंतु ती कच्ची घालीत नाहीत. आधी तिचे शोधन करतात. पाने पुरचुंडीत बांधून, निघणारे पाणी निवळ होईपर्यंत धुतात, वाळवितात आणि गाईच्या तुपावर मंद आचेवर परततात. मग ठरलेल्या प्रमाणात इतर द्रव्यांबरोबर ती मिसळली जाते. होळीच्या दिवशी घोटून प्यालेली भांग आणि वैद्याने दिलेले चूर्ण यांत जे अंतर आहे ते याच संस्कारात, प्रमाणात आणि हेतूत आहे. आजच्या कायद्यानेही हे अंतर मानले आहे. औषधविषयक नियमांच्या ई(१) परिशिष्टात आयुर्वेदीय विषद्रव्यांची यादी असून, धोतरा, बिब्बा, अफू यांच्याबरोबर भांगेचाही तीत समावेश आहे. ज्या औषधात ती असेल त्याच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखालीच सेवन करण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे.

पाश्चात्त्य वैद्यकात प्रवेश व अस्त

युरोपीय वाचकांस भांगेची ओळख आपल्या किनाऱ्यावरूनही झाली. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात भांगेवर स्वतंत्र संवाद लिहिला. तथापि तिची पद्धतशीर परीक्षा केली ती कलकत्ता मेडिकल कॉलेजचे आयरिश प्राध्यापक विल्यम ओशॉनेसी यांनी. प्रथम प्राण्यांवर व नंतर रुग्णांवर प्रयोग करून त्यांनी १८३९ साली आपला प्रसिद्ध निबंध सादर केला. संधिवात, पटकी, धनुर्वात आणि एका तान्ह्या बालकाचे आचके यांवरील अनुभव त्यात नोंदविले आहेत. त्यांच्यामुळे भांगेचा अर्क इंग्लंडात गेला व पुढे अनेक देशांच्या औषधसूचींत समाविष्ट झाला. याच गृहस्थांनी पुढे हिंदुस्थानात तारायंत्राचे जाळे उभारले.

असे असता हे औषध मागे का पडले? कारण व्यापाऱ्यांस चटकन पटेल असे आहे : माल एकसारखा नव्हता. एका पेटीतील गांजा तीव्र, तर दुसरीतील निःसत्त्व; एका रुग्णास कालच्या मात्रेने काहीच वाटेना, तर दुसऱ्यास तेवढ्यानेच भ्रम होई. शिवाय त्यातील द्रव्य पाण्यात विरघळत नसल्याने सुईने टोचून देता येईना. मॉर्फिन व पुढे अॅस्पिरिन ही मोजून देता येणारी औषधे आल्यावर वैद्यांनी भांगेचा अर्क बाजूस सारला. अमेरिकेच्या औषधसूचीतून तो १९४२ साली वगळण्यात आला.

याच काळात सरकारने भांगेच्या सामाजिक परिणामांची चौकशीही केली. १८९३–९४ च्या हेम्प ड्रग्ज कमिशनने हजारांहून अधिक साक्षी घेतल्या. त्या काळी मध्य प्रांतांतील गांजाचे पीक निमाडातील खांडव्याच्या परिसरात येत असे. म्हणजे हा विषय आपल्या प्रदेशास परका नव्हता. मर्यादित सेवनाने सहसा मोठी हानी होत नाही, अतिसेवनाने मात्र होते, आणि वेड्यांच्या इस्पितळांतील जे आकडे भांगेच्या माथी मारले जात त्यांवर विश्वास ठेवता येत नाही, असा त्या आयोगाचा निष्कर्ष होता.

शरीरात काय घडते

नशेचे मूळ असलेले टीएचसी १९६४ साली इस्राएलमधील राफाएल मेशूलाम व येहिएल गाओनी यांनी शुद्ध स्वरूपात वेगळे केले. पुढे असे आढळले की, मेंदूतील पेशींवर या द्रव्यास स्वीकारणारी विशिष्ट स्थाने आहेत. मग निसर्गाने ती भांगेसाठी निर्माण केली काय? तसे नाही. १९९२ साली मेंदूतच तयार होणारे एक द्रव्य सापडले, जे त्या स्थानांवर जाऊन बसते. संशोधकांनी आपल्या संस्कृतमधील ‘आनंद’ शब्द घेऊन त्याचे ‘आनंदामाइड’ असे नामकरण केले. वेदना, भूक, झोप, स्मृती व मळमळ यांचे नियमन करण्यात या व्यवस्थेचा वाटा असतो. भांगेतील टीएचसी या व्यवस्थेत बाहेरून शिरते व तिचा तोल बदलते. म्हणूनच ती एकाची मळमळ थांबविते आणि दुसऱ्याची स्मृती व वेळेचे भान हिरावून घेते.

मेंदूच्या ज्या भागातून श्वास चालतो तेथे ही स्थाने अत्यल्प आहेत. त्यामुळे अतिमात्रेत अफू जशी श्वास बंद पाडते, तशी भांग सहसा पाडत नाही. परंतु एवढ्यावरून ती निरुपद्रवी ठरत नाही. नाडी जलद होते, हृदयविकार असलेल्यास त्यातून धोका संभवतो, आणि तरुण वयात वारंवार सेवन करणाऱ्यांत तीव्र मनोविकाराची शक्यता वाढते. सेवन करणाऱ्यांपैकी साधारण दहांत एकास तिचे व्यसन जडते. गर्भवती व स्तनदा स्त्रियांनी ती पूर्ण वर्ज्य करावी.

खाण्या-पिण्यातून घेतलेल्या भांगेचा एक विशेष जाणून ठेवण्याजोगा आहे. तिचा अंमल चढण्यास अर्धा ते दोन तास लागतात. ‘काहीच झाले नाही’ असे वाटून मनुष्य दुसरा पेला घेतो, आणि मग दोन्हींचा अंमल एकदम चढतो. होळीच्या सायंकाळी रुग्णालयात न्यावे लागणाऱ्यांपैकी अनेकांची हीच कथा असते.

कोणत्या रोगांवर, आणि कितपत

आजच्या वैद्यकात भांगेतील द्रव्यांपासून बनविलेली काही मोजकी औषधे परीक्षेस उतरली आहेत. कृत्रिम रीतीने तयार केलेले टीएचसी कर्करोगावरील औषधांमुळे होणारी मळमळ थांबविण्यासाठी अमेरिकेत १९८५ साली मान्य झाले. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जारोगातील स्नायूंच्या ताठरपणासाठी टीएचसी व सीबीडी यांचे मिश्र फवारा-औषध ब्रिटनमध्ये २०१० साली मान्य झाले. आणि लहान मुलांच्या दोन दुर्धर अपस्मारांसाठी शुद्ध सीबीडीचे औषध अमेरिकेत २०१८ साली मान्य झाले.

या शेवटच्या औषधाची परीक्षा कशी झाली हे पाहण्यासारखे आहे. ड्राव्हे नामक अपस्माराच्या १२० मुला-तरुणांचे दोन गट करून, एकास सीबीडी व दुसऱ्यास तसेच दिसणारे निःसत्त्व द्रव देण्यात आले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, औषध घेणाऱ्यांत महिन्याच्या झटक्यांची मध्यम संख्या १२.४ वरून ५.९ वर आली. दुसऱ्या गटात ती १४.९ वरून १४.१ एवढीच उतरली. लाभ खरा आहे. परंतु झटके सर्वांचे थांबले नाहीत, आणि गुंगी, अतिसार, यकृताच्या तपासणीतील बिघाड हे दोषही दिसले. अपस्मारावरील इतर काही औषधांशी त्याचा संयोग झाला असता त्यांचा अंमल किंवा त्यांपासून होणारा उपद्रव वाढतो. म्हणून रक्ताची तपासणी करीत, तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच ते द्यावे लागते.

आता थोडा हिशेब करू. या परीक्षेतील मात्रा रोज दर किलो वजनामागे २० मिलिग्रॅम होती. २० किलो वजनाच्या मुलास रोज ४०० मिलिग्रॅम लागतील. समजा, बाजारातील ३० मिलिलिटरच्या कुपीत एकूण १००० मिलिग्रॅम सीबीडी आहे. ती अडीच दिवसांत संपेल. परंतु कुपीवर ‘रोज पाच थेंब’ असे लिहिलेले असते. मिलिलिटरला वीस थेंब धरले, तर पाच थेंबांत सुमारे ८ मिलिग्रॅम येते; म्हणजे परीक्षेतील मात्रेच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याएवढे. ज्या आई-बापांनी या पाच थेंबांच्या भरवशावर मुलाचे चालू औषध बंद केले, त्यांच्यावर काय प्रसंग ओढवेल याची कल्पना करावी. चालू औषध एकाएकी थांबविल्याने न थांबणारे झटके येऊन जिवावर बेतू शकते.

शिवाय वेष्टनावरील आकड्याचा भरवसा काय? अमेरिकेत २०१७ साली ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी झाली. त्यांपैकी केवळ ३१ टक्क्यांवरील मजकूर खरा निघाला, आणि १८ उत्पादनांत टीएचसी आढळले. वजनात खोट निघाली तर आपण गिऱ्हाइकाचे पैसे परत करतो. येथे खोट रुग्णाच्या देहात जाते.

जुनाट वेदना, निद्रानाश व चिंता यांवरील पुरावा याहून कमकुवत आहे. काही रुग्णांस आराम पडल्याचे दिसते. तथापि वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ साली, पुरेशा दर्जेदार पुराव्याअभावी, वेदनेसाठी यांच्या सर्वसाधारण वापरास आपला पाठिंबा देता येत नाही असे जाहीर केले. कर्करोग बरा होतो, मधुमेह जातो, असे जे सांगितले जाते त्यास आधार नाही.

कायदा काय म्हणतो

१९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात गांजा व चरस कठोर बंधनाखाली आले. फुलोऱ्याविना असलेली पाने मात्र व्याख्येबाहेर राहिली. आपल्या १९८५ च्या मादक द्रव्यविरोधी कायद्यानेही हीच व्याख्या स्वीकारली. त्यामुळे गांजा व चरस बाळगणे, विकणे हा देशभर गुन्हा आहे. २० किलोहून अधिक गांजा, किंवा १ किलोहून अधिक चरस, यांस १० ते २० वर्षांची सक्तमजुरी व किमान एक लाख रुपये दंड आहे. भांगेच्या पानांचे नियमन राज्यांकडे असून, मध्य प्रदेशात त्यांची विक्री आबकारी खात्याच्या परवान्यानेच होते. २०२० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांजास सर्वांत कठोर यादीतून काढले. भारताने बदलाच्या बाजूने मत दिले. वैद्यकीय उपयोग मान्य झाला, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या देशातील बंधने त्यामुळे उठली नाहीत. जम्मू येथील शासकीय संशोधन संस्थेत औषधासाठी नियंत्रित लागवड व संशोधन चालू आहे.

बियांचे पीठ व तेल यांस अन्न म्हणून २०२१ साली मान्यता मिळाली; बियांत दर किलोस ५ व तेलात १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक टीएचसी असता कामा नये. पानांच्या अर्काची औषधे आयुर्वेदीय परवान्याखाली निघतात व ती वैद्याच्या चिठ्ठीवर घ्यावयाची असतात. ज्यांची मुले-मुली परदेशी आहेत त्यांनी एक सावधगिरी बाळगावी. तेथे कायदेशीर असलेल्या टीएचसीच्या वड्या प्रेमाने आणलेली भेट म्हणून सामानात आल्या, तरी येथे तो गंभीर गुन्हा ठरू शकतो. अशा वड्यांत पुष्कळदा प्राणिज जिलेटिन असते, हेही आपल्या घरांनी जाणून असावे. उपर्युक्त शुद्ध सीबीडीचे औषध तिळाच्या तेलात असून त्यात थोडा मद्यार्क असतो.

श्रावकाने काय करावे

गोपाचलाच्या कड्यांत पंधराव्या शतकात कोरलेल्या जिनमूर्तींच्या छायेत आपण व्यापार करतो. मद्यत्याग हा श्रावकाच्या मूळगुणांतील पहिला. आणि प्रमाद, म्हणजे भान सुटणे, हे सर्व दोषांचे द्वार. त्यामुळे करमणुकीसाठी भांग घ्यावी काय, हा प्रश्न आपल्यापुरता मिटलेला आहे. सणाचे निमित्त झाले म्हणून मोह व मद यांचे स्वरूप बदलत नाही.

रुग्णाचा प्रश्न मात्र निराळा आहे. आहार, औषध, ज्ञान आणि अभय या चार दानांत औषधाचे स्थान आहे. झटक्यांनी गांजलेल्या बालकास तज्ज्ञाने मोजून दिलेले औषध हे व्यसन नव्हे; ते नाकारणे यात धर्म नाही. मद्यार्काच्या अंशाविषयी ज्यांच्या मनास शंका असेल, त्यांनी डॉक्टरांशी व आपल्या गुरुजनांशी मोकळेपणाने बोलावे; लपवून औषध बंद करू नये. आपल्या शहरात जयारोग्य रुग्णालय व १९४६ साली स्थापन झालेले गजराजा वैद्यकीय महाविद्यालय आहे. जाहिरातीवर विसंबण्यापूर्वी तेथील वा इतर योग्य तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

दुकानाचा प्रश्न याहून कठीण आहे. उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाच्या प्रकरणी, तसेच हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात, पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. त्यांत ‘विषवाणिज्य’ आहे. भांगेचे नाव तेथे शोधण्याचे कारण नाही. हेतू स्पष्ट आहे. ज्या मालाची विक्री वाढणे म्हणजे दुसऱ्याचे अहित वाढणे, त्यात नफा पाहू नये. परवानाधारक औषधविक्रेत्याने चिठ्ठी पाहून, नोंद ठेवून दिलेले औषध या कोटीत येत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. बियांचे तेल अन्न म्हणून विकणे हेही निराळे. परंतु चिठ्ठीविना अर्क देणे, ‘सर्व रोगांवर’ म्हणून सांगणे, पाच थेंबांची कुपी अपस्माराच्या मुलाच्या बापास विकणे, हा कायद्याने कदाचित सुटेल असा, पण विषवाणिज्यच असा व्यवहार आहे.

एजन्सीचा कागद समोर आला, तर सही करण्यापूर्वी चार गोष्टी मागाव्यात : त्यात टीएचसी किती व सीबीडी किती, प्रत्येक खेपेचा स्वतंत्र प्रयोगशाळेचा दाखला, औषध वा अन्न यांपैकी कोणत्या परवान्याखाली माल निघाला, आणि कोणत्या रोगासाठी कोणत्या मात्रेत तो द्यावयाचा. यांपैकी एकाही बाबीचे लेखी उत्तर मिळाले नाही, तर तो कागद परत करावा. नफ्याची एक संधी गेली तरी पेढीचे नाव राहते. आणि ज्या घरात मूल आजारी आहे, तेथे आपल्या दुकानातून खोटी आशा गेली नाही, याचे समाधान निराळेच असते.